इतिवृत्तातील हरकत

पदव्युत्तर वर्गाच्या व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेत इतिवृत्तलेखन हा एक घटक असतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो फारसा आवडत नाही. खरे सांगायचे तर शिकवणाऱ्यांनाही नाही. कवितेचा तास संपवून आल्यावर ‘विषय क्रमांक १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असे फळ्यावर लिहिताना खडूसुद्धा जड होतो. काही वर्षांपूर्वी मी त्यावर उपाय म्हणून वर्गाचीच सभा भरवली. विषय साधा होता : वार्षिक सहल कोठे न्यायची. अर्धा तास चांगली खडाजंगी झाली, मतदान झाले, आणि प्रत्येकाने त्या सभेचे इतिवृत्त लिहून आणायचे ठरले. दुसऱ्या दिवशी बावीस वह्या आल्या. त्यांपैकी एकवीस वह्यांतले शेवटचे वाक्य जवळजवळ एकच होते : ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ प्रत्यक्षात मते पडली होती बारा विरुद्ध दहा. बाविसावी वही एका मुलीची होती. तिने समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘सर, मी विरोध केला होता. तो कुठे लिहायचा?’

त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा पुस्तकी दिले. पुढे मात्र तो प्रश्न माझ्या मागेच लागला. आपल्याकडे नगरपालिका, महापालिका, त्यांच्या सभा आणि तिथे रहिवाशांच्या वतीने बोलणारे सदस्य यांच्याविषयी बोलायचे म्हणजे बहुधा थट्टेनेच बोलायचे, असा रिवाज आहे. खड्डे, गटारे, नळ, दिवाबत्ती हे विषय साहित्याच्या अभ्यासकाला क्षुद्र वाटतात. परंतु मराठी समाजाने सार्वजनिक ठिकाणी उभे राहून, नियमाने बांधलेल्या भाषेत, सत्तेला प्रश्न विचारायला कोठे शिकून घेतले, असे विचारले तर उत्तर याच सभागृहांकडे जाते. विधिमंडळे पुढची, नगरसभा आधीची. आणि तिथे काय बोलले गेले हे आज आपल्याला कळते ते केवळ कोणीतरी ते लिहून ठेवले म्हणून.

महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, ही गोष्ट अभ्यासक्रमात एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीत आपण ‘शेतकऱ्याचा असूड’कडे वळतो. ते सदस्यत्व निवडणुकीतून आलेले नव्हते. सरकारने नेमलेल्या सदस्यांपैकी ते एक होते. नेमलेल्या माणसाने नेमणाऱ्याची मर्जी सांभाळावी, ही त्या काळाची रीत. अशा सभेपुढे व्हाइसरॉयच्या पुणेभेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. बत्तीस सदस्य. एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांची भूमिका होती. प्रस्ताव अर्थातच संमत झाला, शहर सजले, व्हाइसरॉय आले आणि गेले. १८८० साली त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविषयी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना, प्लंकेट यांना, पत्र लिहिले. त्यातही सूर हाच होता की नगरपालिका आरोग्यासाठी इतके करते, मग लोकांना बुडवणाऱ्या या गोष्टीकडे तिचे लक्ष का नाही?

या दोन्ही प्रसंगांत व्यवहारी दृष्टीने पाहिले तर हाती फारसे काही लागले नाही. हजार रुपये वाचले नाहीत, दारूही थांबली नाही. पण एकतीस विरुद्ध एक हा आकडा उरला. त्या दिवशी टाळ्या वाजवून ठराव संमत केला असता आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ एवढेच लिहिले गेले असते, तर चरित्रकारांना हा प्रसंग सापडला नसता. माझ्या विद्यार्थिनीने समासात लिहिलेला प्रश्न आणि हे एक मत, दोन्ही एकाच जातीचे आहेत असे मला वाटते.

फुल्यांचे सदस्यत्व संपले त्याच वर्षी, १८ मे १८८२ रोजी, लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव काढला. पाठ्यपुस्तके त्याला पायाचा दगड म्हणतात. मला त्यातला एकच भाग महत्त्वाचा वाटतो : कारभार सुधारणे हा या संस्थांचा मुख्य हेतू नाही, लोकांचे राजकीय शिक्षण हा आहे, असे तो ठरावच म्हणतो. म्हणजे नगरसभा ही आधी शाळा आणि मग कार्यालय. या शाळेत पुण्याहून कोण कोण गेले हे पाहावे. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष होते. सभासदांनी प्रश्न विचारावेत आणि सभेचे कामकाज छापून प्रसिद्ध व्हावे, या प्रथांना त्यांच्या कारकिर्दीत चालना मिळाली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. कायदेमंडळातल्या भारतीय सदस्याला प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२च्या कायद्याने मिळाला, आणि पुरवणी प्रश्नाचा तर १९०९च्या. मोठ्या सभागृहात जो माणूस अंदाजपत्रकावर बोलून व्हाइसरॉयच्या मंडळाला निरुत्तर करत होता, तोच पुण्यात छापील इतिवृत्ताची काळजी वाहत होता. या दोन कामांत त्याला अंतर वाटले नसावे.

छापील कागदाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही एकत्र पाहायची असतील तर मात्र पुणे सोडून महाडला जावे लागते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा सांभाळली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या ही ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली असावीत, असा त्याचा आशय. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपल्या ताब्यातले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. छोट्या गावची नगरपालिका, आणि तिच्या दप्तरात हे वाक्य! पण ते वाक्य दप्तरातच राहिले. तीन वर्षे तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. ठराव होता, पाणी नव्हते. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्या लोकांवर झालेला हल्ला, सवर्णांनी तळ्याची केलेली ‘शुद्धी’, हे सर्व आपण जाणतोच.

आपण सहसा ज्याकडे लक्ष देत नाही ती गोष्ट त्यानंतरची आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव रद्द केला. नगराध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ टिपणीस आंबेडकरांच्या बाजूने उभे होते, तरी सभेचे बहुमत दुसरीकडे झुकले. यात एक विचित्र गोष्ट आहे. तीन वर्षे जो ठराव कोणी पाळला नाही, तो रद्द करण्याची गरज का वाटावी? न पाळलेला ठराव निरुपद्रवी असतो, असे आपण समजतो. महाडच्या सभासदांना तसे वाटले नाही. लोक त्या ठरावाचा आधार घेऊन तळ्यावर गेले होते. त्यामुळे तो कागद आता जिवंत झाला होता आणि त्याला मारणे भाग होते. आणि मारायचे तर तेही सभेतच, तारखेसह, ठरावानेच. पुढे तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात गेला. दहा वर्षे तो चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दावेदारांच्या विरुद्ध, म्हणजे आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे असणे ही गोष्ट त्या दाव्याच्या मुळाशी होती.

महाडचे उदाहरण मी वर्गात देतो तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास विचारतो की मग बहुमताने अन्यायच केला ना, मग त्या सभेचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊ नये. नगरसभा ही न्यायाची हमी नव्हे. तिच्यात शहराचे जे काही असते ते सगळे असते : जात, जमीन, ठेका, भाऊबंदकी. एवढेच की ते तिथे बोलून करावे लागते.

आता थोडे विषयांतर, पण ते आपल्याला परत डोंबिवलीकडे आणून सोडेल. पुण्यात १८८६ साली मंडईची भव्य इमारत उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले गेले. या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला फुल्यांचा विरोध होता; तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, हेच त्यांचे तेव्हाही म्हणणे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकाराने या ‘रे मार्केट’चे नाव ‘महात्मा फुले मंडई’ झाले. ज्या इमारतीला विरोध केला तीच आज फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. अत्र्यांना हा विनोद कळला नसेल असे म्हणवत नाही. नगरपालिकेच्या निवडणुकांचा जो अनुभव त्यांनी घेतला तो ‘मी उभा आहे’ या नाटकात उतरला आहेच. पण इतिहासाची आपली सवय या एका नावात दिसते : हरकत घेणाऱ्याचे नाव आपण इमारतीला देतो आणि त्याची हरकत विसरतो.

कल्याणला महापालिकेच्या मुख्यालयालगत जे नाट्यगृह आहे त्याचे नाव आचार्य अत्रे रंगमंदिर. डोंबिवलीतल्या महापालिकेच्या नाट्यगृहाचे नाव सावित्रीबाई फुले यांचे. पुण्याच्या नगरसभेची आठवण अशी आपल्या दोन्ही नाट्यगृहांच्या पाट्यांवर, आपल्या नकळत, येऊन बसली आहे. प्रश्न एवढाच की शेजारच्या सभागृहात काय घडले.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या नगरपालिका आणि आजूबाजूची गावे तिच्यात विलीन झाली. अंबरनाथ पुढे बाहेर पडले. नगरपालिका असताना डोंबिवलीला स्वतःची सभा होती, स्वतःचा नगराध्यक्ष होता. विलीनीकरणानंतर गाव मोठ्या शहराचा भाग झाला. तो मान मोठा, पण सभा नाहीशी झाली. महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९९५ मध्ये. मधली बारा वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. माझी पिढी याच बारा वर्षांत शाळेत गेली. मुंबईहून आणि चाळींतून कुटुंबे येत होती, शेतांवर इमारती चढत होत्या, खाडीकडे वस्ती सरकत होती. आणि या सगळ्याबद्दल शहराने काय म्हणावे यासाठी जागा नव्हती.

त्या काळात घरोघरी एक वाङ्मयप्रकार भरभराटीला आला होता : निवेदन. ‘मा. प्रशासक यांच्या सेवेशी’ असा मायना, ‘आपल्या कृपादृष्टीस आणू इच्छितो’ अशी सुरुवात, ‘आपला कृपाभिलाषी’ असा शेवट आणि खाली सोसायटीतल्या बिऱ्हाडांच्या सह्या. आमच्या इमारतीत असे निवेदन लिहिण्याचे काम माझ्या वडिलांकडे असे, कारण त्यांचे अक्षर चांगले. मी त्या कागदांच्या कार्बन प्रती पाहिल्या आहेत. भाषा नम्र, आर्जवी. तिची तुलना १९९५ नंतरच्या सभागृहाच्या भाषेशी करून पाहावी. ‘खुलासा करावा’, ‘हरकत नोंदवून घ्यावी’, ‘प्रशासनाने उत्तर द्यावे’, ‘सभा तहकूब करावी’. मजकूर तोच : पाणी येत नाही, दिवा बंद आहे. क्रियापद बदलले. विनंतीची जागा आज्ञार्थाने घेतली. नागरिकत्वाचा इतिहास लिहायचा तर तो व्याकरणातूनही लिहिता येईल, असे मला या दोन प्रकारच्या कागदांकडे पाहून वाटत आले आहे.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. ‘महापौर’ हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिला असे मानले जाते आणि तो इतका रुजला की तो कोणी घडवला हे सांगावे लागते. पण सभागृहात जे प्रत्यक्ष घडते त्याचे शब्द मात्र भाषाशुद्धीला शरण गेले नाहीत. हरकत, मंजूर, नामंजूर, तहकूब, खुलासा, दप्तरी दाखल : ही सगळी अरबी-फारसी वळणाची पेशवे दप्तरातून चालत आलेली मंडळी. खुर्चीचे नाव संस्कृत आणि तिच्यापुढच्या भांडणाचे शब्द दप्तरी! ‘दप्तरी दाखल’ हा तर खास शब्द. जो प्रस्ताव मंजूर करायचा नाही आणि नामंजूर करण्याचे धाडसही नाही, तो दप्तरी दाखल करतात. म्हणजे तो कागद असतो, दिसत नाही, पण जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. सदस्यासाठीच्या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. जुन्या वृत्तपत्रांत तो ‘नगरपिता’ असे. कायद्याच्या मराठी पाठात तो रुक्ष ‘पालिका सदस्य’. लोकांनी स्वीकारला तो ‘नगरसेवक’. पित्याचा सेवक झाला, यात विचारांची प्रगती असेल. पण व्यवहाराचे कारण अधिक सबळ असावे. १९९० नंतर महिलांसाठी जागा राखीव झाल्या, पुढे २०११ पासून निम्म्या झाल्या, आणि ‘नगरपिता’ या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. ‘नगरसेविका’ सहज होते. ‘महापौर’ मात्र बाई असली तरी महापौरच.

सभागृहात रहिवाशांचे जे प्रश्न येतात, त्यांची एक खास डोंबिवलीकर अडचण आहे. येथल्या माणसाच्या रोजच्या दुःखाचा मोठा भाग महापालिकेच्या हातात नाहीच. सकाळची गर्दी आणि लोकलच्या दारातली चेंगराचेंगरी रेल्वेची. वीज महावितरणची. औद्योगिक विभागातला रासायनिक वास, नाल्याचे बदलणारे रंग, तेथले भूखंड हे औद्योगिक विकास महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या अखत्यारीतले. नगरसेवकाकडे तक्रार मात्र या सगळ्याची येते, कारण तोच दारात सापडतो. म्हणून आमच्या सभेतल्या कित्येक चर्चांचा शेवट ‘संबंधित प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करण्यात येईल’ या वाक्याने होतो. कोपर पूल हे याचे परिचित उदाहरण. पूर्व आणि पश्चिम डोंबिवलीला जोडणारा हा रेल्वेवरचा पूल धोकादायक ठरवून २०१९ मध्ये बंद केला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. पुलाचा कोणता भाग रेल्वेचा, कोणता पालिकेचा, खर्च कोणाचा, हा वाद रहिवाशाला कळण्यासारखा नव्हता. त्याला फक्त ठाकुर्लीकडून वळसा घालावा लागत होता. अधिकार नसलेल्या विषयावर सभेत बोलून काय साधते, असे प्रशासन विचारते. मला वाटते, बरेच साधते. ज्या शहरात सात कार्यालये सात तुकड्यांना जबाबदार आहेत, तेथे संपूर्ण शहराचा उल्लेख एका वाक्यात करणारी जागा तेवढी सभागृह हीच.

सत्तावीस गावांची कथा हा याच प्रश्नाचा दुसरा चेहरा. विलीनीकरणाला त्यांचा विरोध होता, २००२ मध्ये ती महापालिकेतून वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. आपण कोणत्या सभेत बसायचे हे ठरवण्याची सभा कोणती, या प्रश्नाला त्यांना कधीच नीट उत्तर मिळाले नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता त्या आकड्याकडे येतो, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. कल्याण-डोंबिवलीतल्या अनधिकृत बांधकामांच्या चौकशीसाठी न्यायालयीन लढ्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती अग्यार यांची समिती नेमली गेली. १९८३ ते २००७ या काळातली ६७,९२० अनधिकृत बांधकामे हा तिच्याशी निगडित आकडा वृत्तपत्रांतून इतक्या वेळा छापून आला आहे की तो आता आम्हां डोंबिवलीकरांना पाठ आहे. पण त्या कालखंडाकडे कोणी नीट पाहिलेले मला आढळले नाही. १९८३ ते १९९५ बारा वर्षे प्रशासक. १९९५ ते २००७ बारा वर्षे निवडून आलेले सभागृह. बरोबर निम्मे निम्मे. म्हणजे ‘नगरसेवक नव्हते म्हणून शहर बिघडले’ असेही म्हणता येत नाही आणि ‘नगरसेवकांनीच शहर बिघडवले’ असेही. दोन्ही राजवटींत विटा चढत राहिल्या. लोकशाहीवर प्रेम करणाऱ्या माणसाने हे कबूल केले पाहिजे. मला ते करताना बरे वाटत नाही.

तरीही त्या दोन बारा वर्षांत फरक आहे. दुसऱ्या भागाबद्दल आपल्याला विचारता येते की अमुक सभेत हा विषय आला तेव्हा कोण बोलले, कोण गप्प बसले, कोणी तहकुबी मागितली, कोणाच्या प्रस्तावाला कोणी अनुमोदन दिले. महापालिकेची सभा कायद्याने जनतेला खुली असते; उपस्थितांची नावे नोंदली जातात, मतदान मागितले तर कोण कोणत्या बाजूला होते तेही. सूचक आणि अनुमोदक या दोन नावांशिवाय ठराव उभाच राहत नाही. दोषी शोधायचा तर सुरुवात करायला नावे आहेत, आणि ज्यांनी वेळीच विरोध केला त्यांचीही नावे आहेत. पहिल्या भागात आहेत आदेश, टिप्पण्या, आणि माझ्या वडिलांसारख्यांच्या निवेदनांच्या कार्बन प्रती, ज्या बहुतेक घरांतून रद्दीत गेल्या असतील. तिथे गप्प बसल्याचा दोषही कोणाला देता येत नाही, कारण बोलण्याची जागाच नव्हती.

हे सगळे जुने झाले, असे म्हणण्याची सोय राहिली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. करोनाचे कारण होते, ते संपले. मग आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात गेला आणि राज्यातल्या एकामागून एक महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू आहे, पाच वर्षांच्या आत निवडणूक घेण्याचे बंधन घातलेले आहे. ते बंधन पाच वर्षांहून अधिक काळ कागदावर राहिले. चवदार तळ्याचा ठराव तीनच वर्षे राहिला होता. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

या पाच वर्षांत कारभार थांबला होता असे नाही. रस्ते काँक्रीटचे झाले, अंदाजपत्रके सादर झाली. पण अंदाजपत्रक सादर करणारा आयुक्त आणि ते मंजूर करणारा प्रशासक एकच व्यक्ती होती. इतिवृत्तलेखन शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा फार अवघड नमुना आहे. सूचक तोच, अनुमोदक तोच, सभा तोच; ‘सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य इतक्या निर्दोषपणे दुसरे कोठे वापरता येणार नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक विभागात २६ मे २०१६ रोजी भीषण स्फोट झाला आणि बारा जणांचा जीव गेला, तेव्हा सभागृह होते. २३ मे २०२४ रोजी पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसे दगावली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तेव्हा सभागृह नव्हते. २०१६च्या सभागृहाने दुसरा स्फोट टाळला नाही, हे खरे. पण २०२४ मध्ये शोकप्रस्ताव मांडायलाही कोणी नव्हते. मंत्री आले, अधिकारी आले, वाहिन्या आल्या. शहर म्हणून डोंबिवली त्या दिवशी काय म्हणाली, याची नोंद कोठेही सापडणार नाही.

आम्ही स्वतःला सांस्कृतिक नगरीचे रहिवासी म्हणवतो. २०१७च्या फेब्रुवारीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले, त्याच्या अध्यक्षीय भाषणाची छापील प्रत शहरातल्या अनेक घरांत आहे. त्याच शहराच्या महासभेच्या इतिवृत्ताची एक प्रत ज्याच्या घरी आहे असा माणूस मला अजून भेटायचा आहे. मराठी विभागांतून बखरी, पत्रव्यवहार, रोजनिश्या यांवर प्रबंध झाले. नगरसभांच्या दप्तरावर वाङ्मयीन अंगाने काम झालेले मला तरी दिसले नाही. बोलीतून प्रमाणभाषेकडे सरकणारे सदस्य, आगरी वळणाने सुरू होऊन ‘मा. महोदय’ला येऊन थांबणारी वाक्ये, लेखनिकाने गाळलेला संताप, आणि न गाळता आल्यामुळे ‘गदारोळ’ या एका शब्दात कोंबलेला अर्धा तास : हे सगळे त्या जाड बांधणीच्या पुस्तकांत पडून आहे.

नव्या सभागृहाचे कामकाज सुरू झाल्यावर पदव्युत्तर वर्गाला घेऊन कल्याणला एखाद्या महासभेला जावे, असे मी ठरवले आहे. प्रेक्षकांच्या सज्जात बसून प्रत्येकाने आपले स्वतंत्र इतिवृत्त लिहायचे आणि पुढच्या सभेत जे अधिकृत इतिवृत्त कायम होईल त्याच्याशी ते ताडून पाहायचे. यंदाच्या वर्गात अठरा जण आहेत. समासात प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिला हा बेत कळवला, तर तिने उलट टपाली विचारले की सज्जात आणखी चाळीस मुलांची सोय होईल का.